भाड्यानं मिळणारं गाणं

फक्त पेन्सिल वापरायची, पेन लावायचं नाही. झेरॉक्स काढायची नाही. कार्यक्रम झाला की मुदतीच्या आत सगळे कागद मोजून, क्रमानं लावून, आपण केलेल्या खुणा खोडरबरानं पुसून परत पाठवायचे. पान हरवलं तर त्याचे पैसे वेगळे.

या अटी कशाच्या असतील सांगा बघू. कोर्टाच्या नकला नाहीत की लायब्ररीची पुस्तकं नाहीत. जुन्या गाजलेल्या गाण्यांचं ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेलं म्युझिक भाड्यानं आणायचं असेल तर इंग्लंड-अमेरिकेत साधारण अशा अटी घालतात. म्हणजे तिकडं एखाद्या गावातल्या हौशी वाद्यवृंदाला वाटलं की यंदा जुना अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राची गाणी करूया, आणि तीही मूळ थाटात, व्हायोलिनं ट्रॉम्बोन सगळी फौज लावून, तर ते कुणा कीबोर्डवाल्याला "यूट्यूबवरनं काढ की रे तेवढं" असं म्हणत बसत नाहीत. चौकशी करतात, कोटेशन येतं, कार्यक्रम किती, हॉल केवढा, तिकीट आहे का फुकट आहे, त्याच्यावर दर ठरतो, आणि मग एक जाडजूड पार्सल दारात येतं. त्यात एक मोठा स्कोअर असतो, तो कंडक्टरचा, म्हणजे समोर उभा राहून सगळ्यांना हातानं इशारे देणाऱ्याचा, त्यात सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक. आणि बाकी सगळे पार्ट, म्हणजे प्रत्येक वादकासाठी फक्त त्याचं त्याचं काय वाजवायचं तेवढं. बासरीला बासरीचं, ट्रम्पेटला ट्रम्पेटचं. व्हायोलिनवाले दोघं मिळून एका स्टँडवर बघतात, त्यामुळं दहा जण असले तरी पाच प्रती पुरतात, आणि दोघातल्या आतल्या बाजूच्यानं पान उलटायचं असा रिवाज आहे (आमच्याकडं यावरनं भांडणं होतील).

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्या पार्टांच्या शेवटच्या पानावर आधी वाजवून गेलेल्या लोकांनी पेन्सिलीनं आपलं नाव, गाव, तारीख लिहून ठेवलेली असते. अटीत खोडा म्हटलंय, पण ते कुणी खोडत नाही.

हे सगळं मी आमच्या गाण्याच्या ग्रुपात तालमीला सांगितलं तेव्हा निम्मे जण चहात गुंतलेले होते आणि आमचा ढोलकवाला म्हणाला, "म्हंजे ड्रेपरीच की ओ ही."

अगदी बरोबर बोलला. कोल्हापुरात शाळेचं गॅदरिंग आलं की आपण ड्रेपरीवाल्याकडं जातो, मावळ्याचे आठ ड्रेस, एक जिरेटोप, लेझीमच्या पोरींसाठी नऊवार, रामाचा मुकुट, हनुमानाची गदा. डांबरगोळ्यांचा वास येतो, एखादं बटण निराळ्या रंगाचं असतं, पण ड्रेस धडका असतो, कारण पुढच्या आठवड्यात तो दुसऱ्या शाळेत जायचा असतो आणि फाटका दिला तर गिऱ्हाईक परत येत नाही. आजोबांचा नाटकातला अंगरखा घराघरात ट्रंकेत ठेवलेला होता, तो कसरीनं खाल्ला. ड्रेपरीवाल्याचा मात्र चाळीस वर्षं टिकला. भाड्यानं जाणारी वस्तू कुणीतरी शिवतं, झटकतं, मोजतं, कुणाकडं गेलीय ते लिहून ठेवतं. प्रेमानं ठेवलेल्या वस्तूचं तसं नसतं, ती प्रेमानं कपाटात कुजते. गाण्यांच्या कागदांचं आपल्याकडं हेच झालं असं माझं मत आहे, आणि हा लेख लांबणार आहे तो त्याच्यामुळंच.

आधी हे कागद म्हणजे नेमकं काय ते सांगतो. गाणं म्हटलं की आपण गायक, संगीतकार, गीतकार एवढी तीन नावं घेतो. पण आपण आंघोळ करताना गाणं म्हणतो तेव्हा मुखडा संपला की तोंडानं मधला पीसपण वाजवतोच की, टँ टँ टँडँ करून. तो पीस नसेल तर अंतरा सुरूच करता येत नाही. इथल्या पब्लिकला अंतऱ्याचे शब्द इकडचे तिकडं झालेले चालतात, पण पीस चुकला की मागनं आवाज येतो, "ए, मेंडोलिन कुठं गेलं?" तो पीस, गायकाच्या मागं हळूच सरकणारी व्हायोलिनची ओळ, दोन शब्दांच्या मधली बासरीची फिरकी, हे सगळं कुणीतरी बसून लिहिलेलं असतं. कुणी कुठं वाजवायचं, कुणी गप्प बसायचं, सगळं. त्याला आपण संगीत संयोजन म्हणतो, वादक लोक सरळ अरेंजमेंट म्हणतात, आणि हे करणाऱ्या माणसाचं नाव टायटलमध्ये आलंच तर सहायक म्हणून, बारीक अक्षरात.

मुंबईत हे काम करणारे बरेचसे गोव्याचे होते. तिथं चर्चच्या शाळेतच पोरांना स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेलं म्युझिक, वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवायचे, त्यामुळं वाचून वाजवणारे वादक गोव्यातनंच यायचे. सेबॅस्टियन डिसूझांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर दोघांचीही गाणी बांधली, आता ऐका आणि बघा, दोन्हीकडचा थाट किती वेगळा आहे आणि तरी माणूस एकच. चिक चॉकलेट म्हणून ट्रम्पेटवाले होते, सी. रामचंद्रांच्या गाण्यात जो जॅझचा झटका येतो त्यात त्यांचा मोठा वाटा. आणि अँथनी गोन्साल्विस. हे नाव माहीत नाही असा माणूस नाही, १९७७ च्या सिनेमातल्या त्या गाण्यावर मिरवणुकीत नाचलेलो आपण सगळे, पण हा खरा माणूस होता, मजोर्ड्याचा, व्हायोलिन शिकवायचा, प्यारेलाल त्याचे विद्यार्थी आणि गुरूची आठवण म्हणून ते नाव गाण्यात आलं. या माणसानं १९५८ साली मुंबईत आपल्या रागसंगीतावर सिम्फनी बांधून मोठा वाद्यवृंद उभा केला होता, लताबाई आणि मन्ना डे त्यात गायले. पुढं सगळं सोडून गावी जाऊन राहिला, २०१२ ला गेला.

तर कामाची पद्धत अशी असायची. संगीतकार पेटीवर चाल म्हणून दाखवणार, अरेंजर ऐकता ऐकता स्टाफवर उतरवणार, मग मधले पीस, काउंटर म्हणजे चालीच्या जोडीनं मागं चालणारी दुसरी ओळ, सगळं रचणार. कॉपी करणारा प्रत्येक वाद्याचा पार्ट वेगळा लिहून काढणार, सतार-बासरीवाल्यांना सारेगमात लिहून देणार कारण ते स्टाफ वाचत नसत. सकाळी स्टुडिओत पन्नास-साठ वादक जमणार, तालीम, मग टेक, गायकही त्याच वेळी माइकसमोर, एक जण चुकला की सगळं पहिल्यापासून. संध्याकाळपर्यंत गाणं फिल्मवर चढलं की पैसे घेऊन सगळे घरी, आणि कागद?

कागद तिथंच. म्हणजे स्टँडवर, खुर्चीवर, जमिनीवर. दुसऱ्या दिवशी दुसरं गाणं असायचं. गाणं रेकॉर्ड झालं होतं ना, मग कागद कशाला पाहिजे? कुणाला त्यात पैसा दिसला नाही म्हणून कुणी सांभाळले नाहीत. काही अरेंजरांच्या घरी थोडंफार राहिलं, बाकीचं रद्दीत गेलं. आज त्यातलं एखादं गाणं साठ माणसांत जसंच्या तसं वाजवायचं म्हटलं तर एकच मार्ग, कानाला हेडफोन लावून सेकंद सेकंद पुढं मागं करत बसायचं आणि मोनो रेकॉर्डिंगच्या त्या खिचडीतनं दुसरं व्हायोलिन काय वाजवतंय ते शोधायचं.

हे फक्त आपल्याकडंच झालं असं समजून कपाळाला हात लावायचं कारण नाही. हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओनं तर स्वतःच्या सगळ्या म्युझिकल सिनेमांचे स्कोअर आणि पार्ट जागा अडते म्हणून साठच्या दशकाच्या अखेरीला फेकून दिले, भरावात घातले, जमिनीखाली! मोठमोठे अरेंजर पगारावर ठेवून लिहून घेतलेले कागद. पियानोवर वाजवता येईल असे आटोपशीर उतारे तेवढे काही वाचले. मग जॉन विल्सन नावाच्या इंग्लिश कंडक्टरनं ते उतारे आणि सिनेमाचा साउंडट्रॅक समोर ठेवून, कानानं ऐकून, एकेका वाद्याची ओळ परत लिहून काढली, वर्षानुवर्षं हेच काम. २००९ साली लंडनच्या प्रॉम्स या मोठ्या संगीत महोत्सवात त्यांनी ते मोठ्या ऑर्केस्ट्रात वाजवलं आणि लोक वेडे झाले.

उलट सिनात्राचा अरेंजर नेल्सन रिडल, त्याचे कागद वाचले, ॲरिझोना विद्यापीठात ठेवलेत. १९५६ च्या जानेवारीत त्यानं सिनात्रासाठी एक गाणं बांधलं, त्यात मध्यावर ट्रॉम्बोनचा एक तुकडा येतो, त्याच्याआधी वाद्यं एकावर एक चढत जातात आणि मग तो ट्रॉम्बोन असा सुटतो की अंगावर काटा येतो. अमेरिकेत अरेंजरला ठरावीक पैसे मिळायचे, रॉयल्टी नाही, म्हणजे तिथंही सगळं आलबेल नव्हतं. पण तिथल्या गायकांचे दौरे असायचे, प्रत्येक गावी स्थानिक वादक घ्यायचे आणि त्यांच्यासमोर पार्ट ठेवायचे, म्हणून कागदांना किंमत राहिली. शिवाय ऐन डान्स बँडच्या काळात तिकडं छापील अरेंजमेंट दुकानात विकत मिळायच्या, त्यात सोय अशी की तुमच्याकडं एखादं वाद्य नसेल तर त्याची ओळ दुसऱ्याच्या पार्टात बारीक टायपात छापलेली असायची. ओबोवाला आला नाही? क्लॅरिनेटनं बारीक टायप वाजवायचा. हे ज्यानं शोधून काढलं त्याला नक्की कुठल्यातरी मंडळाचे कार्यक्रम करायचा अनुभव असणार.

आता कोल्हापुरात येतो.

इथं सिनेमा आहे, नाटक आहे, देवल क्लबसारखी जुनी संगीत संस्था आहे, अल्लादिया खाँसाहेबांचं गाणं इथं शाहू महाराजांच्या आश्रयाखाली वाढलं, बाबूजी म्हणजे सुधीर फडके १९१९ साली इथंच जन्मले, हे सगळं आपण भाषणात सांगतो. भाषणात जे येत नाही ते म्हणजे पेठांमधले बँडवाले. लग्नाच्या वरातीत लाल कोट घालून क्लॅरिनेट वाजवणारा माणूस स्टाफ नोटेशन वाचू शकतो हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. सगळे वाचत नव्हते, खरं आहे, पण काही जण मिलिटरीतनं रिटायर झालेल्या बँडमास्तरांच्या हाताखाली शिकलेले होते आणि ते फडाफडा वाचायचे.

त्यातलेच एक काका मंगळवार पेठेत राहतात. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. घराण्यात बँड, स्वतः क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन, आणि सत्तरच्या दशकात जेव्हा ऑर्केस्ट्राचं पेव फुटलं तेव्हा ते नोटेशन लिहून द्यायला लागले. साठ माणसांचं म्युझिक बारा माणसांत बसवायचं, ही त्यांची खासियत. चाळीस व्हायोलिनांच्या जागी दोन व्हायोलिन, त्यांच्या पोटात भर म्हणून क्लॅरिनेट खालच्या अंगानं, एक ॲकॉर्डियन सगळी जागा भरून काढायला. सुरुवातीला टेपरेकॉर्डर नव्हता तेव्हा रेडिओवर गाणं लागायची वाट बघायची आणि ते सिनेमाला जाऊन बसायचे, पहिल्या खेळाला मुखडा, दुसऱ्याला पीस. सिनेमा बघितला का विचारलं तर म्हणतात, "गाणं बघितलं."

आणि ते या वह्या भाड्यानं द्यायचे! हे मला त्यांच्याकडं जायला लागल्यावर कळलं आणि मी चाटच पडलो. सांगलीची पार्टी, इचलकरंजीची, बेळगावची, ज्यांना गाणं बसवायचंय पण लिहिणारा माणूस नाही ते यायचे, एका कार्यक्रमाचं एवढं भाडं, वही परत आणून द्यायची. त्यांना ना इंग्लंडच्या हायर लायब्ररीचं माहिती ना कुठल्या प्रकाशकाचं. पण अटी त्याच.

एक वही समोर आहे म्हणून सांगतो. लांबट रजिस्टर, दुकानात उधारी लिहितात तसलं, पण पानांवर पाच पाच रेघा निळ्या शाईनं ओढलेल्या. रेघांसाठी त्यांनी सुताराकडनं एक लाकडी ठोकळा करून घेतला होता, त्यात पाच निबं बसवलेली, एका ओढीत पाच रेघा. ठोकळा थोडा हलला की पाचही रेघा एकदम वाकड्या होतात, तशा बऱ्याच जागी झाल्यात. सूर काळ्या शाईत. त्याच्यावर लाल पेन्सिलीनं सूचना, आणि त्या वाचायला मला गाण्यापेक्षा जास्त मजा येते. "बाई इथं श्वास घेणार, थांबणे." "ढोलक घाई करतो, त्याच्याकडे बघू नये." "वन्स मोअर आल्यास इथून." एका जागी चौकट करून, "लाइट गेल्यास पुढचे बारा बार पाठ असावेत." ट्रम्पेटच्या पार्टाला दोन गाण्यांच्या मध्ये लिहिलंय, "पाणी काढणे", म्हणजे वाद्यातली थुंकी. शेवटच्या पानावर हिशेब, कोण घेऊन गेलं, कधी परत आलं, आणि एका ओळीत, "पान ४ वर चहा. रु. ५ घेतले." पान चारवर तो चहा अजून आहे.

आमचा ग्रुप हौशी आहे. बँक, फाउंड्री, दोन मास्तर, एक डेंटिस्ट. मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत परचेस बघतो आणि दुसऱ्या रांगेत व्हायोलिन वाजवतो, दुसऱ्या रांगेतच बरं असतं. आम्ही आधी सगळ्यांसारखं ट्रॅकवर करत होतो. ट्रॅकला मी नावं ठेवणार नाही, शहरात एवढे कराओके क्लब झालेत, रिटायर झालेली माणसं संध्याकाळी नीटनेटके कपडे करून जातात, आपापलं गाणं म्हणतात, बीपी कमी होतो, चांगलंच आहे की. पण ट्रॅक थांबत नाही हो. गायकाला एखादी जागा अजून थोडी लांबवाविशी वाटली तर ट्रॅक पुढं निघून जातो. आणि वादकानं तिथं करायचं काय, मोबाइल बघायचा?

म्हणून काकांच्या वह्यांवरनं बसवायला घेतलं, राजारामपुरीत एका मित्राच्या गोडाऊनमध्ये, पंखा बंद ठेवून कारण पंखा लावला की कागद उडतात. पहिलीच अडचण पट्टीची. काकांनी मूळ गायिकेच्या पट्टीत लिहिलेलं, पांढरी दोन, म्हणजे पेटीवरच्या सप्तकातली दुसरी पांढरी. आमच्या गाणाऱ्या बाई शाळेत शिकवतात, आवाज दणदणीत, पण तेवढ्या वर जात नाही, त्या म्हणाल्या एक सूर खाली घ्या, पांढरी एक. ट्रॅकवाल्याला काय, मोबाइलमध्ये बटण दाबलं की झालं. आम्हीही दाबलं, म्हणजे एका पोरानं सगळं म्युझस्कोअर या नोटेशन लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवलं आणि एक सूर खाली सरकवलं, तर स्क्रीनवर व्हायोलिनच्या ओळीत काही सूर लाल झाले. का? तर व्हायोलिनची सगळ्यात खालची तार असते पांढरी पाचची, मंद्रातली. त्याच्या खाली वाद्यच संपतं. काकांनी तो पीस बरोबर त्या उघड्या तारेवर आणून सोडलेला, तिथं व्हायोलिन सगळ्यात भरदार वाजतं म्हणून. एक सूर खाली गेलो की पांढरी चार पाहिजे, आणि ती व्हायोलिनवर नाहीच. कॉम्प्युटर खाली उतरतो, व्हायोलिन उतरत नाही.

काकांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर सारला, अर्धा मिनिट बघितलं. म्हणाले, "तेवढं क्लॅरिनेटला दे. त्याला खाली लई जागा हाय." खरंच, क्लॅरिनेट व्हायोलिनच्याही तीन सूर खाली उतरतो. मग बसल्या बसल्या त्याचा पार्ट लिहून दिला, आणि तोसुद्धा एक सूर वर चढवून, कारण साधं क्लॅरिनेट सा लिहिलं की एक सूर खालचा बोलतं, म्हणून त्याला नेहमी एक सूर वरचं लिहून द्यावं लागतं, आणि आल्टो सॅक्सला तर निराळंच. हे सगळं डोक्यात. मी मध्ये एक शब्द विचारला तर "थांब रे, मोडतंय" म्हणाले.

हे बघितल्यावर मला त्या पार्सलातल्या अरेंजमेंटचं मोल जास्त कळलं. ते म्हणजे अमुक पट्टीत, अमुक वाद्यांसाठी, अमुक गळ्यासाठी मोजून मापून शिवलेलं काम असतं. पट्टी हलवली की सगळ्यांचं परत मोजमाप घ्यावं लागतं. तिकडंही भाड्यानं घेताना हे बघावं लागतं, गाणार कोण, पुरुष का बाई, पट्टी कुठली.

कायद्याचं थोडक्यात उरकतो कारण हे विचारणारे खूप भेटतात आणि ऐकणारे कमी. अरेंजमेंट भाड्यानं आणणं वेगळं आणि ती लोकांसमोर वाजवायचं लायसन्स वेगळं, दोन्हीचे पैसे वेगळे, तिकडंही आणि इकडंही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाण्याची अरेंजमेंट करणं म्हणजे मूळ कृतीचं रूपांतर धरलंय, म्हणजे ज्याच्याकडं चालीचा हक्क त्याची परवानगी पाहिजे. आणि तो हक्क संगीतकार गेल्यानंतर साठ वर्षं चालतो. बाबूजी २००२ ला गेले, म्हणजे २०६२ संपेपर्यंत हिशेब चालू. जाहीर कार्यक्रम करायचा तर शब्द आणि चालीसाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेचं लायसन्स काढायचं. गंमत म्हणजे लग्नाच्या वरातीला आणि धार्मिक विधीला कायद्यात सूट आहे, म्हणजे काकांच्या वडिलांचा बँड रस्त्यावर जे वाजवत होता ते कायद्यानं माफ आणि आम्ही तिकीट लावून तेच वाजवलं की बिल. मला हे बरोबरच वाटतं. संगीतकार-गीतकारांना रॉयल्टीचा हक्क वारस आणि अशी हक्कांची संस्था सोडून दुसऱ्या कुणाला लिहून देऊन टाकता येणार नाही असं २०१२ च्या दुरुस्तीत आलं, त्यासाठी लोक किती वर्षं भांडले, आणि आपण बाराशे रुपयांच्या हारतुऱ्याला मागंपुढं बघत नाही पण लायसन्स म्हटलं की "एवढं काय बघतंय कोण" सुरू. फक्त अरेंजर यात कुठंच बसत नाही. चालीवाल्याला मिळतं, शब्दवाल्याला मिळतं, ज्यानं पीस लिहिला त्याला त्या दिवशी संध्याकाळी जे पाकीट मिळालं तेवढंच.

२०२४ च्या ८ ऑगस्टला रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांच्या काळातलं ते थिएटर, काकांच्या पार्टीचे कितीतरी कार्यक्रम तिथं झालेले. सगळं कोल्हापूर रडलं, त्यावर मी वेगळं काय लिहू. पण त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही काकांकडं गेलो होतो आणि त्यांच्या सूनबाई चहा देताना सहज म्हणाल्या, "माळ्यावर पण वायरिंग जुनंच आहे बरं का." वह्या माळ्यावर. आम्ही एकमेकांकडं बघितलं आणि पुढच्या रविवारी स्कॅनर घेऊन गेलो.

आता त्या वह्या स्कॅन झाल्यात, आणि एक एक गाणं टाइप करून नवे पार्ट छापतोय. ए-थ्री कागद, जरा पिवळसर, स्टेजच्या लाइटमध्ये पांढरा कागद डोळ्यावर येतो. लाल पेन्सिलीच्या सूचना जशाच्या तशा ठेवल्या, लाइट गेल्याची चौकट पण, जनरेटर असला तरी. आणि वरती, गायक-संगीतकार-गीतकार यांच्या खाली, "वाद्यवृंद लेखन" म्हणून काकांचं नाव टाकलं. मूळ ज्यांनी मुंबईत बांधलं त्यांचं नाव पक्कं कळलं तिथं तेही टाकतो, पण ते शोधणं अवघड, कॅसेटच्या कव्हरवर कधी छापलंच नाही.

शेजारच्या गावांतले ग्रुप मागायला यायला लागलेत. एका म्युझिक कंपनीला परवानगीसाठी पत्र पाठवलंय, स्मरणपत्रही पाठवलं, उत्तर नाही. तोवर भाडं घेत नाही. काकांना हे अजिबात पटलेलं नाही. "फुकट दिलंस तर कोण परत आणणार नाही" म्हणाले, आणि त्यांचं बरोबर आहे, म्हणून डिपॉझिट घेतो. अटी एकाच पानावर छापल्यात, पेन्सिल वापरा, खुणा खोडा, नाव लिहिलं तर चालेल. पहिलाच सेट इचलकरंजीला गेला तो दोन दिवस उशिरा आला, बॉलपेननं भरून, तबल्याच्या पार्टवर कुणाचातरी मोबाइल नंबर. ग्रुपात डिपॉझिट कापायचं का यावर मतदान झालं. कापलं. त्या लोकांनी कुरकुर न करता दुसरा सेट मागितलाय.

आता अडलंय ते ट्रम्पेटवर. काकांच्या जवळजवळ सगळ्या वह्यांत ट्रम्पेटचा पार्ट आहे आणि तो वाचून वाजवणारा शहरात मिळत नाही, कीबोर्डवर तो आवाज काढला की काका उठून बाहेर जातात. मिरजेकडचा एक पोरगा आहे, बँडमधला, तयारी चांगली आहे, वाचायलाही शिकतोय. पण तो म्हणतो तुळशीचं लग्न झालं की सीझन लागतो, वरातीचं एका रात्रीचं भाडं तो जे सांगतो ते आमच्या अख्ख्या कार्यक्रमाच्या बजेटएवढं आहे. म्हणून कार्यक्रम चातुर्मासात ठेवायचं चाललंय, पावसात लोक आले तर आले.